वाकडा क्रूस

ईस्टरच्या आदला शनिवार, १९५८. यवतमाळच्या चर्चमध्ये हजर: पाळकबाई, एक नर्सबाई, मी. झळा लागतात म्हणून दाराला आतून कडी घातलेली. उद्या सकाळच्या प्रभुभोजनाच्या मेजावरच्या कापडावर मी क्रूस भरत होते. तिसऱ्यांदा उसवताना कापड विरायला लागलं.

मागच्या बाकावर एक अनोळखी म्हातारी अंगठ्यानं स्वतःचा तळवा चोळत बसली होती.

"काहून उसवून राह्यली, बाई?"

"एक बाजू वाकडी आलीय."

"जिवंत झाल्यावर बी येशूनं हाताचे भोकं बुजवले नाई. तुलेच कायले सारं नीट पाह्यजे?"

मी वळले. बाक रिकामा होता आणि कडी तशीच.

"कोनाशी बोलतं वो? ऊन लागलं का?" नर्सबाई हसली.

कापड तसंच अंथरलं. दर ईस्टरला मीच ते धुते. वाकडी बाजू उसवायची अजून राहिली आहे.