प्रयोंगताईच्या कमळाच्या विड्या

प्रयोंगताईच्या घरी कोळशाची चांगली जड इस्त्री आहे, पण तिच्या अंगावर मी कधी इस्त्रीचा कपडा पाहिलेला नाही. ती इस्त्री फक्त कमळाच्या पाकळ्यांसाठी. गावात नवी आलेली एखादी सून पोलकं घेऊन इस्त्री मागायला गेली तर ताई तिला बसवते, पाणी देते आणि सांगते की बाई, तुझ्या पोलक्याच्या साबणाचा वास माझ्या पाकळीला लागेल, त्यापेक्षा चटईखाली घाल आणि वर झोप, सकाळपर्यंत होतं सरळ.

आमच्या कालव्याच्या काठाला रोजची विडी सुक्या केळीच्या पानात वळतात. नांगर सोडून आलेला माणूस ती ओढतो, बाजाराच्या होडीतली बाई ओढते, त्यात काही विशेष नाही. कमळाच्या पाकळीतली विडी मात्र लग्नाला, मर्तिकाला, भिक्खूंच्या तबकाला. ती वळणारी आमच्याकडे एकटी प्रयोंगताई. तिची आत्या तरुणपणी राजधानीत एका मोठ्या घराण्यात याच कामाला होती, तिच्याकडून हे हिच्या हातात आलं. लग्न हिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "नवऱ्याला रोज ओढायला लागली असती. रोज कमळं कुठून आणू?"

काम सांगायला सोपं आहे. गुलाबी कमळाची न उमललेली कळी पहाटे आणायची, बाहेरच्या हिरवट पाकळ्या टाकायच्या, आतल्या मोठ्या एकेक करून सोडवायच्या. लिंबानं हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण आमच्या हातांना कायम मासळीचा वास. मग पातळ फडक्यात ठेवून वरून इस्त्री. इस्त्री फार तापली तर पाकळी भाजते, कमी तापली तर ओली राहून काळी पडते. नीट निघाली की जुन्या रेशमासारखी होते, तपकिरी, मऊ, शिरा दिसणारी. तिच्यात बारीक तंबाखू घालून वळायचं, टोकाला भाताच्या खळीचा ठिपका द्यायचा आणि मोगऱ्याच्या कळ्यांबरोबर झाकणाच्या बरणीत ठेवायचं. मी शेजारची, पुष्कळदा जवळ बसून पाहिलं आहे. मला जमत नाही. माझ्या विडीला पोट सुटतं.

बुद्धसंवताची अडीच हजार वर्षं भरली, त्याच्या आदल्या वर्षी वर्षावासाआधी, भिक्खू पावसाळाभर विहारात बसतात त्याआधी, सनितची दीक्षा ठरली. सनित हा ताईच्या धाकट्या बहिणीचा, पयोमचा मुलगा. त्याचा बाप नदीत बुडून गेला तेव्हा सनित जेमतेम चालायला लागला होता. पयोम त्याला ताईच्या ओटीत घालून राजधानीला गेली, तिथे कापडाच्या दुकानात लागली आणि पुढे दुकानवाल्याशीच तिनं संसार मांडला. पैसे पाठवत असे, कपडे पाठवत असे, स्वतः फारशी आली नाही. आली तरी रात्रीपुरती, कालव्यावर कुणाच्या पायरीला तिनं होडी लावली नाही. गावाचं तोंड गप्प बसत नाही हे तिला ठाऊक होतं.

दीक्षेच्या वेळी पांढऱ्या वस्त्रातल्या मुलाच्या हातात भिक्खूचं वस्त्र, म्हणजे चीवर, आई देते. त्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गाला जाते असं आम्ही मानतो. म्हणून महिनाभर काठावरच्या बायकांना एकच विषय होता, की सनितला चीवर कोण देणार, जिनं जन्म दिला ती की जिनं वाढवला ती. म्हातारी चोय तर ताईला तोंडावर म्हणाली की तू एवढा वाढवलास, ऐन वेळी ती येऊन स्वर्ग घेऊन जाईल. ताईनं सुपारी कातरता कातरता तिला उत्तर दिलं.

"आजी, चीवर पयोम देईल. पोटात तिनं वागवला. मला मोठ्या भंत्यांच्या तबकातल्या विड्या द्यायच्यात. तेवढं माझं असू दे."

तेवढंच तिला हवं होतं. मोठे भंते म्हणजे दीक्षा देणारे, पलीकडच्या काठच्या विहाराचे. ते वयानं फार झाले होते आणि त्या वर्षानंतर दीक्षा द्यायला बाहेर जाणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं. ताईनं गावातल्या कितीतरी पोरांच्या दीक्षेला त्यांच्यासाठी विड्या वळल्या, पण त्या दुसऱ्यांच्या घरच्या, पुण्य त्या घराचं. हे तबक तिच्या घरचं होतं. पाकिटातल्या सिगारेटी तोवर आमच्या बाजारात आल्या होत्या, पण सनितनंच सांगून ठेवलं होतं की माझ्या दीक्षेला मावशीच्या हातचंच.

आदल्या दिवशी पहाटे ताई स्वतः तळ्यावर जाऊन कमळं घेऊन आली. त्या तळ्याची त्या दिवशीची सगळी काढणी तिनं घेतली, उरलेल्या कळ्या अजून मुठीएवढ्याही नव्हत्या. पडवीत सावलीला पाण्याच्या मोठ्या घमेल्यात कमळं उभी करून ती विहाराच्या स्वयंपाकघराकडे तांदळाचं बघायला गेली. सनित डोकं आणि भुवया मुंडून घरातच बसला होता. दीक्षेआधी आमच्याकडे मुलाला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, या दिवसांत घात होतो म्हणतात. मी मागच्या दारी रश्शासाठी नारळ खवत होते.

दुपारी पयोम आली. केस कुरळे केलेले, पायात शहरी चपला, हातात मिठाईचा डबा. सनितनं तिला वाकून नमस्कार केला आणि आत परत जाऊन बसला. मी विचारपूस करून परत नारळाला लागले. ती पडवीत एकटी बसली.

आता आमच्याकडची बाई कमळांच्या घमेल्यापुढे रिकामी बसली, की तिचे हात काय करतात हे सांगायला नको. बुद्धाला वाहायचं कमळ आम्ही तसंच वाहत नाही. एकेक पाकळी आत दुमडायची, तिच्यावर दुसरी, की कळीचं गोल सुबक फूल होतं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं आठवत नाही. विहारात प्रवचन ऐकताना, गप्पा मारताना, रडतानासुद्धा बोटं दुमडत असतात. मी नारळ संपवून पुढे आले तेव्हा सबंध घमेलं दुमडून झालेलं होतं आणि पयोमचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

"लमुन, बघ," ती म्हणाली, "विसरले नाही मी."

फुलं खरंच सुरेख होती. तेवढ्यात पायरीला होडी लागली आणि ताई वर आली.

ताई घमेल्याशी थांबली. एक कमळ उचलून तिनं वरची पाकळी उलगडली. दुमडीच्या जागी पांढरी रेघ पडली होती. त्या रेघेवर पाकळी इस्त्रीत तडकते, तडकलेल्या पाकळीतून धूर गळतो, विडी ओढता येत नाही. आतल्या पाकळ्या न दुमडलेल्या असतात, कदाचित त्यांवर निभलं असतं, आणि ताईचा हात तिकडे गेलाही. पण पयोम आनंदात सांगत होती की प्रत्येक फूल दुमडताना मनात सनितचं नाव घेतलं आणि बुद्धाला वाहिलं. ताईचा हात थांबला. मनानं वाहिलेलं फूल परत घेऊन त्यात तंबाखू भरणार कोण? तिनं कमळ पाण्यात ठेवलं, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाली, "छान झालीत. देव्हाऱ्याला होतील." मग आत जाऊन ती तांदूळ निवडत बसली. तांदूळ सकाळीच निवडून झालेले होते.

पयोम माझ्या मागोमाग चुलीकडे आली. काय झालं ते मला सांगावं लागलं. ऐकून तिनं विचारलं की ताई ओरडली का नाही. मी म्हटलं, तुझ्यावर ती कधी ओरडली आहे?

"तेच तर," ती म्हणाली. "ओरडली असती तर मी आजच्या होडीनं परत गेले असते."

थोड्या वेळानं तिनं विचारलं की दारापुढच्या रांजणांतून लोक अजून कमळं लावतात का. लावतात, मी म्हटलं, पण एकेका घरी एखाददुसरी कळी, त्यातही कुणाकडे पांढरी, कुणाकडे गुलाबी, ताईच्या कामाची नाहीत. ती चपला काढून पायरी उतरली. मीही पदर खोचून होडीच्या टोकाशी बसले, कारण तिनं वल्हं कसं हातात घेतलं होतं ते मी बघितलं होतं.

होडी आधी जागच्या जागी फिरली. मग समोरच्या पपनसाच्या बागेच्या पाटात शिरली. बागेतल्या गड्यानं विचारलं की बाई, माल न्यायचा आहे की नुसतं झाडांना भेटायला आलात? पयोम इतक्या वर्षांनी आमच्या कालव्यावर हसली.

पहिली पायरी चोय म्हातारीची. म्हातारी दारातच पानाचा तोबरा भरून बसली होती. तिनं पयोमच्या केसांपासून पायांपर्यंत पाहून घेतलं.

"एवढ्या वर्षांत माझ्या पायरीला पाय लागला नाही तुझा. आज फुलं पाहिजेत म्हणून आलीस?"

मला वाटलं, आता ही वल्हं मारून निघणार. पयोम होडीतच गुडघ्यांवर बसली आणि हात जोडले.

"हो आजी. फुलं पाहिजेत म्हणूनच आले. नाहीतर धीर झाला नसता."

म्हातारीनं तोबरा पाण्यात थुंकला. कशाला पाहिजेत ते विचारलं आणि ऐकून घेतल्यावर अशी काही हसली की तिला ठसका लागला. सगळं घमेलं दुमडलंस, म्हणाली, शहरात राहून बोटं गावचीच राहिली म्हणायची. रांजणातल्या दोन्ही कळ्या तिनं स्वतः तोडून दिल्या, वर एक पपनस दिलं आणि पयोमला बजावलं की वल्हं असं छातीशी धरू नकोस, ते काय तुझं लेकरू आहे?

पुढे घरोघर तेच. एका घरच्या सुनेनं कळी दिली पण सासू आतून बाहेर आली नाही. एका घरी चहा घ्यावाच लागला. एकीनं पयोमला तिच्या नवऱ्याबद्दल इतकं खोदून विचारलं की मीच कंटाळले, पण पयोमनं सगळं सांगितलं, दुकान कुठे आहे, मूल का नाही, सारं. कळी हातात पडली की ती पुढच्या पायरीकडे वळत होती. विहाराच्या तळ्यात कमळं भरपूर होती, पण ती संघाची, त्यांकडे आम्ही पाहिलंही नाही.

दिवेलागणीच्या आत आम्ही परतलो. होडीत पांढरी, फिकट गुलाबी, गडद, लहान, मोठी अशी सगळी मिसळ होती. ताईनं कधीही असला माल हातात धरला नसता. तिच्या तबकात सगळ्या विड्या एका रंगाच्या, एका लांबीच्या असत, शेजारी शेजारी ठेवल्या की फणीचे दात. ती पायरी उतरून होडीत वाकली. मग तिनं विचारलं, ही पांढरी कुठली.

"चोय आजीची," पयोम म्हणाली.

"तिनं दिली?"

"पपनससुद्धा दिलं."

ताईनं तिच्या तळहाताकडे पाहिलं. वल्ह्यानं फोड आले होते. "आधी लिंबानं हात धू," ती म्हणाली, "झोंबेल, पण धू. आणि लमुन, इस्त्रीत निखारे घाल."

ती संध्याकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. ताई इस्त्री फिरवायची, पयोम पाकळ्या सोडवून तिच्या हातात द्यायची, मी तंबाखू बारीक करायची, आणि सनित उंबऱ्याच्या आत बसून आम्हाला पंख्यानं वारा घालायचा. मधेच ताई न बघता म्हणाली, "पयोम, हात." पयोमच्या मांडीवरच्या कळीची एक पाकळी अर्धी दुमडलेली होती. ताईनं फर्मावलं की पाकळी देऊन झाली की हात मांडीखाली दाबून बसायचं. ती खरंच तशी बसली, शाळेतल्या मुलीसारखी. सनितला हसू आवरेना. दीक्षा घेणाऱ्यानं असं खिदळू नये, ताई म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली.

विड्या झाल्या त्या तिच्या नेहमीच्या नव्हत्या. पांढऱ्या पाकळीची सोनेरी झाली, गडद पाकळीची जवळजवळ तांबडी. काही बोटाएवढ्या, काही करंगळीच्या पेराएवढ्या. बरणीवर झाकण ठेवताना तिच्या कपाळावर आठी होती. मोठे भंते काय म्हणतील, असं ती मला दोनदा म्हणाली.

सकाळी मिरवणूक निघाली, दीक्षामंडपाला तीन प्रदक्षिणा झाल्या. आत पयोमनं सनितच्या हातांवर चीवर ठेवलं आणि तिला इतकं रडू आलं की तिचे कुरळे केस सुटून तोंडावर आले. ताई भिंतीशी बसून हात जोडून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हेवा शोधायला काही बायका वळून बघत होत्या. त्यांना तो मिळाला नाही.

दीक्षा झाली आणि तबकांची वेळ आली. मोठ्या भंत्यांनी पुढ्यात वस्त्र पसरून त्याचं टोक धरलं, बाईच्या हातून ते काही थेट घेत नाहीत. ताई तबक घेऊन गुडघ्यांवर पुढे सरकली, अर्ध्या वाटेत थांबली आणि मागे वळली.

"पयोम, ये. हात लाव तबकाला."

पयोम म्हणाली की चीवर दिलं मी, हे तुझं आहे.

"पाकळ्या कुणी आणल्या? लाव हात, भंते थांबलेत."

मग पयोम सरकली आणि तिनं फोडांचे हात तबकाच्या कडेला लावले. तिच्या खांद्याला मी हात लावला, माझ्या खांद्याला मागून कुणीतरी. मागे बघितलं तर चोय म्हातारी होती आणि तिच्यामागे त्या सगळ्या पायऱ्यांवरच्या बायका, एकमेकींना धरून, पुण्याचा वाटा घ्यायला. तबक वस्त्रावर टेकलं.

मोठ्या भंत्यांनी आशीर्वादाची गाथा म्हटली. मग वाकून तबकात पाहिलं, जाड चष्मा वर केला आणि विचारलं की या वेळी एकीसारखी दुसरी का नाही. ताईनं मान खाली घातली आणि सांगितलं की कमळं गावातल्या घराघरांतली आहेत.

त्यांनी जरा शोधून सर्वांत आखूड, सोनेरी विडी उचलली आणि कानामागे खोवली.

"ही जेवणानंतर," ते म्हणाले. "बाकीच्या कुणाला देऊ नका."