मीटर खोटं सांगायलंय

आमच्या अन् शेजारच्या अण्णांच्या अंगणातली भिंत कमरेएवढीच. त्यामुळं त्यांच्या घरचे किस्से मला गोळा करायला लागत न्हाईत. ते आपणच उडी मारून इकडं येतात.

अण्णांचा भालकीत फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले अन् स्टुडिओ बसला. शौक मात्र वाढला. आता ते इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढतात. कॅमेऱ्याला गडद लाल काच लावायची, की हिरवं झाड पांढरंशुभ्र येतं अन् आभाळ काळं!

*

एकदा अण्णा अंगणातून लेकीला ओरडले, "गौरी, काच लावली की मीटर खोटं सांगायलंय!"

ते बोलत होते उजेड मोजायच्या मीटरबद्दल. पण दारात नेमका लाइटचं रीडिंग घेणारा उभा! त्यानं घरचं मीटर उघडून तासभर काच शोधली. सापडली न्हाई, तरी जाताना दोन नवी सीलं ठोकून गेला.

*

मीटर मात्र खरंच खोटं बोलत होतं. पहिला रोल धुतला तर सगळा कोरा. अण्णा दोन दिवस धड जेवले न्हाईत.

गौरी बीएस्सी झालेली. ती म्हणाली, "अप्पा, काचेतून मीटरला दिसतंय ते फिल्मला दिसत न्हाई. काच काढून मोजा, मग काचेपायी वेळ वाढवा."

दुसरा रोल झकास आला. त्यातला लिंबाच्या झाडाचा फोटो मी राजेश्वर गावात दिलेल्या माझ्या नणंदेला पाठवला. ती महिनाभर रुसली. काश्मीरला गेलो अन् तिला सांगितलं न्हाई म्हणून!

*

त्या फोटोत झाडाखाली मीच उभी होते. मी तव्यासारखी काळी, अन् फोटोत दुधासारखी! ते बघून अण्णांच्या बायकोचे, कस्तुराक्काचे डोळे चमकले.

कारण गौरी नावाचीच गौरी. फोटो बघूनच दोन ठिकाणांहून नकार आलेला. अक्का म्हणाली, हिचा एक याच काचेतून काढा. अण्णांनी समजावलं की ओठबी पांढरे येतील. अक्का म्हणाली, येऊ द्या. गौरी चिडली, पण आईचं रडं बघून बसली.

फोटो आला. पोरगी संगमरवरी! फक्त गर्द हिरवी साडीबी पांढरी झाली. मुडबी गावच्या नव्या स्थळाला फोटो धाडताना अक्कानं सांगितलं, सध्या फॅशन आहे.

*

मुडबीचे पाहुणे पोराला घेऊन आले. मी भिंतीला टेकून उभी.

पोराच्या आईनं फोटो बघितला, गौरीला बघितलं, परत फोटो बघितला. कस्तुराक्कानं घाईघाईनं चहा पुढं केला. तिसरा नकार आलाच म्हणून मी डोळे मिटले.

ती बाई उठली अन् अण्णांना भिंतीपाशी घेऊन आली. हळूच म्हणाली, "अण्णा, आमच्या पोराचाबी एक काढा की त्याच काचेतून."

रोलमधी एकच फोटो उरला होता. पोरगा लिंबाखाली उभा राहिला, डोळ्यांवर काळा गॉगल, छाती फुगवून. अण्णा काच शोधायला लागले. गौरीनं त्यांच्या हातातलं मीटर घेतलं, सरळ पोरापुढं गेली अन् त्याच्या तोंडापाशी धरलं.

"गॉगल काढा," ती म्हणाली. "आमच्यात काच काढूनच मोजतात."