चौथी कमान

सत्तरच्या दशकात मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी इमारतीच्या देखभालीवर कनिष्ठ अभियंता होतो. नागपूर प्रांताची राजधानी होतं तेव्हाची ती इमारत. ऊन बाहेरच अडावं म्हणून दोन हात जाडीच्या भिंती, रुंद व्हरांडे, समोर सात दगडी कमानी. सगळं चुन्यात जोडलेलं, सिमेंटचा कण नाही.

हे मला उमरेडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दाखवलं. त्या कमानी त्याच्या आज्यानं जोडल्या होत्या. मिस्त्री मागच्या अंगणात खड्ड्यात चुना भिजत घालायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी ओतायचा, आणि महिनाभर कुणाला हात लावू द्यायचा नाही.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं आणि चौथ्या कमानीचे सांधे उघडे पडलेले. मी म्हणालो, सिमेंट भरा.

"घाई काहून करून राहिले साहेब? सिमेंट पाणी आत कोंडते. मंग दगडाची पापडी निंगते."

"मंत्री येणार आहेत, मिस्त्री."

"मंत्री पाच साल टिकते. कमान शंभर."

मी ऐकलं नाही. त्यानं मुकाट्यानं सिमेंट भरलं. पुढच्या पावसाळ्यानंतर दगडाचे पापुद्रे सुटू लागले. चौकशी लागली. मिस्त्रीनं मला न विचारता सिमेंट वापरलं, असा त्याचा जबाब मी माझ्या हातानं लिहिला. त्याला वाचता येत नव्हतं. कामाचा तपशील आहे, असं सांगून मी त्याचा अंगठा घेतला.

"तुम्ही लिवलं म्हणजे बराबरच असन," तो म्हणाला.

त्यानंतर त्याला सरकारी इमारतीवर काम मिळालं नाही.

तीन-चार वर्षांनी, खरं ते सांगून टाकायचं ठरवून, मी एसटीनं उमरेडला गेलो. तो कुणाच्या तरी गोठ्याची भिंत लिंपत होता. हातचं काम टाकून मला घरी घेऊन गेला. सुनेला म्हणाला, "चहा मांड वं, माहे साहेब आले."

मग माझ्याकडे वळला. "आपली चौथी कमान कशी आहे? सिमेंट काढून चुना भरला ना मंग?"

सिमेंट तसंच होतं. दगड झडतच होता.

"भरला," मी म्हणालो.

"मंग टिकते," तो म्हणाला, आणि बशी माझ्यापुढे सरकवली. स्वतःबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. मीही चहा पिऊन परतीची बस धरली.

आता तो नाही. जबाब अजून फायलीत असेल. अंगठा त्याचा, अक्षर माझं.