मंगळावरच्या गाडीची चौकशी

“सर, आपली गाडी कुठवर आली?”

किल्ली फिरवण्याआधी मामा हे विचारायचेच. गाडी म्हणजे मंगळावरची. तिथं सहा चाकांची गाडी फिरते आणि तिच्यात माणूस नसतो, हे मीच त्यांना एकदा सांगून बसलो होतो.

मामा जाफराबादहून भोकरदनला काळीपिवळी जीप चालवत. मी वाटेतल्या शाळेत विज्ञान शिकवतो. मागे चौदा माणसं कोंबलेली असली, तरी मामांच्या शेजारची जागा माझ्यासाठी रिकामी असायची.

“चालवणारा बसतो कुठं मंग?”

“इथं, पृथ्वीवर. त्याचा हुकूम तिथं पोचायला कधी पाच, कधी वीस मिनिटं लागतात.”

“म्हणजे खड्डा दिसून ब्रेक दाबला, तवर गाडी खड्ड्यात.”

“म्हणून आधी फोटो मागवतात. दगड, वाळू बघून उद्याची वाट ठरवतात.”

“बराबर हाय. जल्दीचं कामच न्हाई ते.”

त्या न पाहिलेल्या चालकाबद्दल मामांना फार आदर होता. अशी एक गाडी वाळूत रुतली ती निघालीच नाही, असं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “ढकलायला कोणीच न्हाई?”

एका सकाळी म्हणाले, “सर, ते पुढं काय हाय? ट्रॅक्टर का?”

पुढे मेंढ्या होत्या.

त्या दिवसापासून मी हळूच सांगू लागलो. “मामा, डावीकडं सायकल.” ते “हां” म्हणायचे. डोळ्यांचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. दोन महिने असं चाललं. खरं सांगायचं तर, त्यांना माझी गरज आहे हे मला आवडतही होतं.

मग एकदा मी मोबाइल बघत होतो आणि जीप करकचून थांबली. चाकापासून हातभर अंतरावर माझ्याच वर्गातली एक मुलगी उभी होती. वह्या रस्त्यावर पडलेल्या. मी उतरून त्या गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या जीपमध्ये बसलो. मामांना काही बोललो नाही. स्टँडवरच्या चहावाल्याला मात्र म्हणालो, “मामांना आता दिसत नाही.” आठवड्याभरात त्यांच्या जीपमध्ये कोणी बसेना. ते सीटवर वाट बघत बसायचे आणि मी समोरून जाताना मान खाली घालायचो.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

“मोतीबिंदू होता, काढला. आता बिलकुल साफ दिसून राह्यलं. पण जीप इकून टाकली, गिऱ्हाईकच तुटलं होतं.”

म्हणजे मेंढ्या दिसल्या त्याच दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर डोळेही सुधारले असते आणि जीपही राहिली असती. मामी चहा ठेवून आत गेल्या.

“स्टँडवर कोणीतरी बोललं,” मामा म्हणाले. “खोटं न्हाई बोललं. त्या लेकराला लागलं असतं तर? पण पाठीमागं बोलायला नको होतं. तुम्ही असते तर तोंडावर सांगितलं असतं, सर.”

मी “हो” म्हणालो.

मामा आता शहागडला लेकीकडे राहतात. पत्ता माझ्याकडे आहे. सुट्टी लागली की जाऊन सांगायचं, असं ठरवतो. तीन दिवाळ्या झाल्या.