न घेतलेल्या मशीनचे हप्ते

चिंधीताईंना हे नाव पडलं ते त्यांच्या वहीमुळे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्या नखाएवढी चिंधी कापायच्या, टाचणीनं वहीत लावायच्या आणि पुढं लिहायच्या : कुणाचा, काय करायचंय, आला तेव्हा कसा होता, परत कधी गेला. कपडा दुकानाबाहेर पडताना नेणाऱ्याची सही झाल्याशिवाय पिशवी हातात मिळायची नाही. मग तो गिऱ्हाईक असो, गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर असो, नाहीतर ताईंचा सख्खा नवरा असो. बावीस वर्षांत अशा एकोणतीस वह्या भरल्या होत्या. लोक हसायचे. ताई म्हणायच्या, "हसा, हसा. कोट हरवला की माझ्याच दारात याल."

दुकान म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या घराखालची एक खोली. काचेचं दार, उजेडाकडं तोंड करून ठेवलेली दोन मशिनं, मागं इस्त्रीचं टेबल आणि कपडा घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर, शाळेचे गणवेश, असली कामं. नवं शिवायला लोक मोठ्या दुकानात जातात आणि तिथं बिघडलं की ताईंकडं येतात, त्यामुळे काम कधी कमी पडलं नाही.

डॉक्टर आता थकले होते. लेकीकडं राहायला जायचं ठरलं आणि त्यांनी घर विकायला काढलं. पण आधी ते जिना उतरून खाली आले. "ताई, वरचं कुणीही घेवो. ही खोली आधी तुम्हाला. तीन महिने थांबतो." ताईंनी निम्मे पैसे कधीच बाजूला ठेवले होते. उरलेल्यासाठी त्या बँकेत गेल्या, स्वच्छ धुतलेल्या कपड्यात आणि त्याहून स्वच्छ मनानं.

बँकेतल्या बाईंनी क्रेडिट रिपोर्ट उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. "ताई, तुमचं आधीचं एक कर्ज थकलंय. ओव्हरलॉक मशीनचं. चार वर्षांत एकही हप्ता भरलेला नाही."

ताईंना पहिल्यांदा हसूच आलं. "कुठलं मशीन? ते तर तिसऱ्या दिवशी परत गेलं!"

"इथं तसं दिसत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा दोष नव्हता. पण ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच, त्या थंडगार काचेच्या खोलीत.

झालं होतं ते असं. एक कंपनी शिवणयंत्रं विकायची आणि त्यासाठी कर्जही स्वतःच द्यायची. ताईंनी तिच्याकडून कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉक घेतलं. मशीन आलं ते पहिल्याच दिवसापासून टाके गाळायला लागलं. सगळ्या शिंप्यांची मशिनं दुरुस्त करणाऱ्या मामांनी ते उघडलं, आत टॉर्च मारली आणि सांगितलं, "दांडा जन्मतःच वाकडा आहे. परत पाठवा." तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन मशीन उचलून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुमचं खातं बंद, ताई. हप्त्याचं विसरा." ताई विसरल्या. पण त्याची सही घ्यायला विसरल्या नव्हत्या. मशीनवरच्या राखाडी आच्छादनाची चिंधी, मशीनचा नंबर, तारीख आणि सही, सगळं चोविसाव्या वहीत होतं.

जगानं त्यांना चिंधीताई म्हटलं होतं, चिंधीचोर कुणी म्हटलं नव्हतं. आता कंपनी म्हणत होती.

ताईंची भाची शाळेच्या ऑफिसात कारकून होती. तिनं रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडं तक्रार नोंदवली आणि वहीच्या पानाचा फोटो जोडला. एक महिना गेला. मग उत्तर आलं : कर्ज देणाऱ्या कंपनीनं सदर माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, सबब बदल करता येत नाही. वा रे न्याय! ज्यानं थोबाडीत मारली त्यालाच बोलावून विचारायचं, बाबा रे, तू मारलीस का? तो नाही म्हणाला की फाईल बंद. आणि ज्याचा गाल सुजलाय त्यानं पुन्हा नव्यानं अर्ज करायचा.

ताईंनी त्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि वही काखेत मारून थेट कंपनीच्या ऑफिसात गेल्या. चौथा मजला. नंबराची चिठ्ठी घ्यायची, खुर्चीत बसायचं आणि आपला नंबर भिंतीवर उजळायची वाट बघायची. पावणेदोन तासांनी एका टायवाल्या साहेबापुढं जागा मिळाली.

साहेबानं वहीचं पान दोन बोटांनी धरून पाहिलं. "ही तुमची वही झाली. आमच्याकडं परतीची पावती नाही."

"पावती तुमच्या माणसानं केली. ही त्याचीच सही."

"तो आता नोकरीत नाही."

"मशीन तर आहे ना? ते कुठं आहे ते बघा. माझ्याकडं नाही म्हणजे तुमच्याकडं असणार."

"ते माल विभाग बघतो. आम्ही कर्ज विभाग."

"माल विभाग कुठं आहे?"

"ह्याच मजल्यावर," साहेब म्हणाला आणि खुर्चीतून तसूभरही हलला नाही.

मग तो जरा पुढं झुकला आणि मायेनं बोलायला लागला. ताईंना ती माया रागापेक्षा जास्त बोचली. "ताई, सरळ मार्ग सांगतो. रक्कम काही फार नाही. भरून टाका. आठ दिवसांत खातं बंद करतो."

"मग रिपोर्टात काय येईल?"

"थकबाकी उशिरा भरली, असं."

"म्हणजे माझीच चूक होती असं मीच पैसे देऊन लिहून घ्यायचं?"

साहेबानं पुढचा नंबर पुकारला.

घरी नवऱ्याचंही तेच मत पडलं. बसचं स्टिअरिंग तीस वर्षं हातात धरून तो निवृत्त झाला होता. गर्दीत हॉर्न वाजवून काही होत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. "भरून टाक आणि मोकळी हो. बँकेतल्या बाई म्हणाल्यात ना, खातं बंद झालं तर कर्जाचं काहीतरी बघता येईल? खोली हातची जाईल."

"न शिवलेल्या कपड्याची मजुरी मी कधी घेतली का?"

"नाही."

"मग न घेतलेल्या मशीनचे हप्ते का देऊ?"

"तत्त्वाला दार-खिडक्या नसतात," तो म्हणाला. "त्यात दुकान मांडता येत नाही."

त्याचं बोलणं खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच ताई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. इथं चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि घरचेच म्हणत होते, दोर जरा नीट बसवून घे म्हणजे टोचणार नाही. पैसे न भरण्याचं त्यांनी ठरवलं. त्याची किंमत काय असू शकते हे त्यांना माहीत होतं. दोन महिने उलटले होते.

एके दिवशी मशीनला तेल द्यायला मामा आले. ताईंनी सगळी कहाणी सांगितली. मामा बोटं पुसता पुसता थांबले. "तेच ना, वाकड्या दांड्याचं? अहो, ते गावात आहे की! मी स्वतः दांडा बदललाय त्याचा. मागच्याच महिन्यात पुन्हा उघडलं." मामांची एक सवय होती. जे मशीन उघडतील त्याच्या पोटाखाली खिळ्यानं एक फुली ओढायची, म्हणजे पुढच्या खेपेला आपलंच पाप आपल्याला ओळखू यावं. "माझी फुली आहे त्याच्यावर. पडदे शिवणाऱ्या एक वहिनी आहेत, त्यांच्याकडं आहे. त्यांनीही कर्जावरच घेतलंय, त्याच कंपनीकडून."

ताई त्याच पावली मामांच्या स्कूटरवर मागं बसल्या.

पडदेवाल्या वहिनींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, इतकं कापड पसरलेलं. त्यांनी कापड गोळा करून खुर्ची रिकामी केली. मामांनी मशीन कलतं केलं. फुली होती. नंबर वहीतल्या नंबराशी आकडा न् आकडा जुळला. म्हणजे कंपनीनं परत आलेलं मशीन वहिनींना विकलं होतं, त्यांच्याकडून दरमहा हप्ते घेतले होते आणि त्याच मशीनसाठी ताईंना कर्जबुडवी ठरवलं होतं. एकच मशीन दोन घरी नांदवलं होतं!

वहिनींनी ताईंचं पूर्ण नाव ऐकलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे ती पत्रं तुमची?" त्यांनी मशीनच्या टेबलाचा खण ओढला. सुया, खडू, दोऱ्याची रिळं, आणि खाली अकरा बंद पाकिटं. सगळी कंपनीची, ताईंच्या नावानं, पण वहिनींच्या पत्त्यावर. मशीनबरोबर कंपनीनं ताईंच्या खात्यावरचा पत्ताही बदलून वहिनींचा करून टाकला होता. "मला वाटलं, आधीच्या भाडेकरूंची असतील. परक्याचं पत्र फोडू नये, म्हणून जपून ठेवली." त्या बिचाऱ्या खजील झाल्या. ताईंनी त्यांचा हात धरला. राग होता, पण तो इथला नव्हता.

खणाच्या तळाशी मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक होतं. मामांनी ते सहज झटकलं तर त्यातून एक गुलाबी कागद खाली पडला. परतीची पावती. तारीख, नंबर, कंपनीचा शिक्का आणि खाली तीच सही, जी चोविसाव्या वहीत होती. माल विभागानं ती कर्ज विभागाला द्यायची, तर पुस्तकात घालून मशीनबरोबर विकून टाकली होती! चाळीस पावलांचं अंतर, एकाच मजल्यावरचं. तेवढं चालायला चार वर्षांत कुणाला सवड झाली नाही.

भाचीनं सगळ्याचे फोटो काढून कंपनीच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडं पाठवले, रिपोर्टवाल्या संस्थेकडं पाठवले, आणि दोघांच्याही वर जे सरकारी तक्रार खातं होतं तिथंही पाठवले. नाक दाबल्यावर तोंड उघडलं. पोच आली : प्रकरण तपासात आहे, तीस दिवस लागतील. पुन्हा तीस. थकबाकीचा शिक्का मारायला एक दिवस पुरतो आणि पुसायला महिना लागतो, हा कुठला हिशेब आहे हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

डॉक्टर तीन महिने थांबले. आणखी पंधरा दिवस थांबले. लेक रोज फोन करत होती, वरचं घर घेणाऱ्याला खोलीही हवी होती, नाहीतर तो व्यवहारच मोडणार होता. एका सकाळी ते खाली आले आणि पडद्याकडं बघत उभे राहिले.

"ताई, माझाही नाइलाज आहे."

"तुम्ही शब्द पाळलात, डॉक्टर," ताई म्हणाल्या. "ज्यांनी पाळायचा होता ते चौथ्या मजल्यावर आहेत."

त्यांनी पडदा स्वतः उतरवला, घडी घातली. नवऱ्यानं दोन्ही मशिनं हातगाडीवर चढवली. भरायला सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. वह्यांचा गठ्ठा मात्र ताईंनी त्याला उचलू दिला नाही. त्या दिवशी त्या रडल्या, इस्त्रीच्या टेबलाच्या आडोशाला, आणि ते टेबल तसंच मागं राहिलं, कारण घराच्या गॅलरीत ते मावणार नव्हतं.

पत्र आलं ते नवव्या दिवशी, वरातीमागून घोडं. 'आपल्या क्रेडिट रिपोर्टमधील माहिती अद्ययावत करण्यात आली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली सही नव्हती, संगणकानं काढलेलं पत्र होतं. गैरसोय! नळाला पाणी आलं नाही तर गैरसोय म्हणतात. भाचीनं नवा रिपोर्ट दाखवला. तो कोरा करकरीत होता. थकबाकी नव्हती, आणि ती चुकून लिहिली होती याचाही मागमूस नव्हता. जणू काही घडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा चौथ्या मजल्यावर गेल्या. नंबराची चिठ्ठी घेतली, थांबल्या. तोच टायवाला साहेब समोर आला. ओळखून हसला. "झालं ना काम? अभिनंदन!"

ताईंनी तिसावी वही टेबलावर उघडी ठेवली. "वस्तू परत मिळाली. सही राहिली."

पानावर त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं : 'वस्तू : नाव. नेलं तेव्हा स्वच्छ. परत चार वर्षांनी, दुकान गेल्यावर. कारण : चाळीस पावलं.'

साहेबाचं हसू मावळलं. "यावर मी कशी सही करणार?"

"यातलं काय खोटं आहे ते सांगा. आत्ता खोडते."

त्यानं दोनदा वाचलं. मागं खुर्च्यांवर बसलेली माणसं माना उंचावून बघायला लागली. खोडण्यासारखा एकही शब्द त्याला सापडला नाही. शेवटी त्यानं खिशातलं पेन काढलं आणि सही केली, लहानशी, कोपऱ्यात.

ताईंनी पर्समधून कात्री काढली. दिलगिरीच्या पत्राचा नखाएवढा तुकडा कापला आणि टाचणीनं सहीशेजारी लावला. त्या वही मिटणार, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरचा एक माणूस हातातली चिठ्ठी चुरगाळत पुढं आला.

"ताई, तुमच्या वहीत एखादं पान मोकळं आहे का?"

ताईंनी पान उलटलं आणि वही त्याच्यापुढं सरकवली.