एका मिलीमीटरची फट

नंदू आखातातल्या एका नव्या स्टेडियमवर शटरिंगचा सुपरवायझर. काँक्रीट ओतायचा साचा त्याने बांधला की थेंब गळत नसे. फुटबॉल वर्ल्डकपला तीन वर्षं उरली होती. सगळे पळत होते, तो मोजत होता.

त्याचा मुलगा कैवल्य पाच महिन्यांचा. ताप उतरेना. शेवटी डॉक्टर जैतून यांनी नंदूला आणि बायको आसावरीला समोर बसवून हिंदीत सांगितलं, "जंतूंशी लढणाऱ्या पेशी आपल्याच जनुकांचे तुकडे कापतात, नव्याने जोडतात. तुकडे थोडे, जोडण्या कोट्यवधी. म्हणून कुठलाही जंतू येऊ दे, त्याला पकडणारा साचा एखाद्या पेशीवर असतोच."

"आमच्यासारखंच की," नंदू म्हणाला. "त्याच फळ्या, रोज नवा साचा."

"हो. पण याच्या पेशींत कापायचं हत्यारच तयार होत नाही."



उपाय एकच, दुसऱ्याच्या निरोगी अस्थिमज्जेचं रोपण. सहा वर्षांच्या नुपूरची अस्थिमज्जा भावाशी जुळली. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर पोराला घरी वेगळं ठेवायचं, कसलाही जंतू लागू द्यायचा नाही.

नंदूने साइटवरचं टाकाऊ प्लाय विचारून घरी आणलं आणि कैवल्यसाठी खोलीत खोली बांधायला घेतली.

"कडांना हे काळं काय?" आसावरीने विचारलं.

"पाण्याचे डाग. रंधा मारला की जातील."

त्याने रंधा मारला. तीन दिवस घरभर भुसा उडाला. शेजारचे वसंतराव दारातून ओरडले, "अरे नंद्या, शेखलासुद्धा अशी खोली नसेल!"

"आत यायचं नाही, वसंतराव. जंतू येतात."

भुसा पुसून त्याने पोराला आत ठेवलं. नवव्या दिवशी कैवल्यला धाप लागली.

"फुफ्फुसात बुरशी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "घरात लाकूडकाम केलंत?"

"केलं ना! एका मिलीमीटरची फट नाही. जुनं प्लाय होतं, पण मी तासून..."

कडांचं ते काळं आणि घरभर उडालेला भुसा त्याला आठवला. डॉक्टरांनी मान खाली घातली. आसावरीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग परत कधी तसं पाहिलं नाही.

सहा दिवसांनी पोर गेलं.

मज्जा द्यायच्या ठरलेल्या तारखेला नुपूर नवा फ्रॉक घालून उभी. "पप्पा, टुडे माय टर्न, ना?"

नंदूने पहार घेतली आणि खोली उकलायला लागला. काम चोख केलेलं. सांधे सुटता सुटेनात. दुपार सगळी गेली.