यादी कानडीत गेली

१२ ऑगस्ट. काम साधंच होतं: बियाण्याच्या सोयाबीनची फुलोऱ्यातली तपासणी कोणाच्या शेतात झाली, ते फोन करून विचारायचं. मी फोन उचलायच्या आत आमच्या बीजोत्पादक शेतकरी कंपनीच्या किन्हीराजाच्या एका सभासद बाईंचाच आला.

"बाई, साहेब आज सकाळी येनार होते ना? धुऱ्यावर बसून बसून ऊन डोक्यावर आलं."

"येतील हो."

"कवा? इकडं फुलं झडून राह्यली. मंग काय साहेब शेंगा हुंगून पाहतीन?"

बाईंचं खरं होतं. भेसळीचं झाड फुलाच्या रंगावरून ओळखतात. फुलोऱ्यात तपासणी झाली नाही की प्लॉट बाद, आणि हंगामभर जपलेलं बियाणं बाजारात साधा दाणा म्हणून जातं.

मी तपासणी कार्यालयाला फोन लावला; तपासायच्या प्लॉटची यादी आम्ही रोज तिकडे पाठवतो. "तुमची कालची यादी निरंक आहे," उत्तर आलं. निरंक म्हणजे सरकारी मराठीत काहीच नाही. आमचे तर चौदा प्लॉट होते. पाठवलेली फाइल उघडून पाहिली. सगळी कानडीत.

कानडी कुठून आली, हे केनवडच्या आमच्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

आमचा संगणक ऑपरेटर पन्नाशीचा, कुरकुऱ्या. पडद्यावरचं मराठी त्याला सोसत नाही. "मॅडम, हे 'निर्यात करा' कायले लिहिलं? यादी वाशीमले चालली की दुबईले? इंग्रजी करा ना." रोज हेच. आदल्या दिवशी तो चहाला गेला तेव्हा मी त्याच्या लॉगिनची भाषा बदलली. इंग्रजी मागत होता, मी कानडी दिली. परत येऊन तो पडद्यासमोर असा बसला, जणू संगणकाने त्याला शिवी दिली होती. कुठलं बटण कशाचं ते कळेना, शेवटी रागाने पाचलाच घरी गेला. सकाळी मी भाषा पुन्हा मराठी केली आणि मनातल्या मनात खूश झाले.

पण संध्याकाळी सहाला यादी आपोआप जाते, ती त्याच्याच लॉगिनवरून. पडदा ज्या भाषेत, यादीही त्याच भाषेत. तिकडचा प्रोग्रॅम 'तपासणी हवी' या रकान्यात 'होय' शोधतो. त्याला एकही सापडलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.

"कानडीत होयले काय म्हनतात?"

"हौदु."

"हौद! म्हंजे साहेब आता शेत सोडून हौद तपासतीन." पोटभर हसला, मग म्हणाला, "म्या केलं असतं तं तुमी मले उलटं टांगलं असतं."

"असतंच. आता बसा इथे."

यादी पाठवायला आम्ही वेगळं लॉगिन काढलं. ते कुठल्याच माणसाचं नाही, त्यावर कोणी काम करायचं नाही, भाषा कायम मराठी. बाकी ज्याने त्याने आपला पडदा हव्या त्या भाषेत ठेवावा. मग ऑपरेटरचा पडदा मुद्दाम इंग्रजी करून नव्या लॉगिनवरून यादी पाठवली आणि फोनवर विचारलं. चौदाच्या चौदा पोचले होते. तेरा प्लॉट उशिरा पेरलेले, त्यांची फुलं झडायला अजून आठवडा होता. साहेबांना मी गळ घातली, उद्या सकाळी आधी किन्हीराजा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दुचाकी काढली आणि साहेबांच्या तासभर आधी शेतात पोचले. बाईंना खरं काय ते सांगितलं.

"असं व्हय! तुमच्या गमतीपायी मी काल उन्हात बसली?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग आता या. जांभळ्यात एखादं पांढरं फूल दिसलं का मुळासकट उपटा. साहेब यायच्या आत."

मी साडी खोचली आणि पिकाच्या पहिल्या ओळीत शिरले.